नऊ-एकची मॅच

दुबईच्या आमच्या हॉटेलात नव्या मॅनेजरने ड्युट्या बदलल्या, तसे आम्ही जुने कुक रुसलो. आमचा इटालियन शेफ सांगायचा, एकसष्ट साली त्यांच्या फुटबॉल लीगमध्ये इंटर क्लबवाले असेच रुसले, मॅचला पोरांची टीम धाडली, आणि समोरच्या युव्हेंटस क्लबने नऊ-एकने धुतली. मी म्हटलं, यल्ला, चला, आपणपण दोनशे पाहुण्यांच्या पार्टीला ट्रेनी पोरंच उभी करू. जेवण बिघडलं की मॅनेजर येईल हात जोडत.

लॉकर रूममध्ये बसलो खरे, पण कान किचनकडेच. नोकरी गेली तर व्हिसापण खलास. तेवढ्यात आमच्यातला डीन किचनमध्ये डोकावून आला, तोंड पांढरंफटक.

"किती गोल खाल्ले रे पोरांनी?"



"एकपण नाय, दादा. पाहुणे परत मागून खातायत. आणि मॅनेजर विचारतोय, आपले व्हिसे कधी संपतात."