हाडाच्या गोळ्या

"नाचणीच्या भाकरीला जवळ्याची गं सोबत,
माज्या बाळाच्या हाडात सागवानाची ताकत."

पाड्यावरच्या झोपडीत जात्याशी बसून आई हे म्हणायची, तेव्हा चिंतू तिच्या मांडीवर डोकं टाकून पेंगत असायचा. त्याच मांडीचं हाड आज मोडलं होतं. पालघरच्या हाडांच्या डॉक्टरांकडे बाकावर बसून तो आतलं कण्हणं ऐकत होता. हा तोच आवाज, हे काही केल्या त्याला पटत नव्हतं.

त्याची आई नवसी धड पडलीसुद्धा नव्हती. आता राहत होते त्या सालवडच्या चाळीत नळावर हंडा उचलायला वाकली, मांडीत काडकन वाजलं, आणि मग ती खाली आली. "आदी मोडलं, मंग पडली," सून ठमी भेटेल त्याला सांगत होती. तिला आठवा महिना होता. बाकावर तिला नीट बसताही येत नव्हतं.

डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. नवसी खाटेवर होती, पायाला फळी बांधलेली. भिंतीवरच्या उजेडाच्या काचेवर एक्स-रे लावलेला होता.

"माजाच ना ह्यो फोटू?" नवसीनं विचारलं. "मंग तोंड कुठं हाय?"

कंपाउंडरला हसू आलं. डॉक्टरांना आलं नाही.

"हाड आतून पोकळ झालंय," ते चिंतूला म्हणाले. "पपईच्या देठासारखं. कॅल्शियम राहिलेलंच नाही."

"असं कसं, साहेब?" चिंतू पुढे झाला. "दीड वर्ष रोज गोळी खाते ती. कॅल्शियमचीच. आमच्या कारखान्याची, तारापूरची. गोळ्या पाडायच्या यंत्रावर मीच असतो."

बोलताना एवढ्या दुःखातही त्याची मान जरा वर झाली. पाकिटं फाटलेल्या गोळ्या कामगारांना फुकट मिळत. पाळीवरून घरी आला की चपला काढायच्या आधी एक गोळी आईच्या तळहातावर ठेवायचा आणि पाण्याचा तांब्या धरून समोर उभा राहायचा. ठमीला दिवस गेल्यापासून एक तिलाही. शेजारपाजारच्यांना तो गोळी फरशीवर आपटून दाखवी. "बगा, टवका पन उडत नाय." चाळीत त्याला गोळीवालाच म्हणत. नाचणी त्यानंच सोडायला लावली होती. "आता कशाला दळतेस, आये? भाकरीच्या चळतीचं बळ एका गोळीत हाय."

डॉक्टरांनी पेनाचं टोक मोडलेल्या हाडावरून वर सरकवलं. पोटाच्या करड्या धुक्यात पांढरे ठिपके होते. वाटोळे, रेखीव, जवळजवळ पडलेले.

"हे ओळखता का?"

चिंतूनं काचेला नाक लावलं. कडेचा उतार त्यानं ओळखला. एका ठिपक्यावर बारीकशी आडवी रेघ होती. ती रेघ त्याच्या साच्याची होती.

"आमच्या गोळ्या," तो म्हणाला.

"जशाच्या तशा. गोळी पोटात विरघळली तर रक्तात जाते, रक्तातून हाडात. न विरघळणारी गोळी खाल्ली काय आणि ओढ्यातला खडा गिळला काय. इतकी कडक करतं कोण?"

वाटेत चुरा होतो, दाब वाढव, असं मुकादमानं चिंतूला सांगितलं होतं. यंत्राचं दाबाचं चाक चिंतूनं स्वतः फिरवलं होतं. चुरा थांबला तेव्हा सगळ्यांदेखत शाबासकी मिळाली होती. त्या गोळ्यांची खोकी ट्रकांतून गेली होती, कुठल्या कुठल्या गावांना, कुणाकुणाच्या आयांना.

डॉक्टर लिहीत होते. "ही चावून खायची. जेवणाबरोबर. कुठलीही आणा, आधी एक व्हिनेगरमध्ये टाकून बघा. अर्ध्या तासात विरली नाही तर दुकानदाराला परत द्या. नाचणी, जवळा-सुकट खाऊ द्या. सकाळचं ऊन अंगावर घेऊ द्या." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "ऑपरेशन करू. पण अशा हाडात स्क्रू धरेल की नाही, सांगता येत नाही. त्या पुन्हा चालतील, असं मी आज म्हणणार नाही."

चिंतू एकदम वळला. "ठमी! ठमी पन तीच खाते, साहेब! पोटात पोर हाय तिच्या!"

ठमीचा हात पोटावर गेला. पण ती डॉक्टरांकडे बघत नव्हती, नवऱ्याकडेही नाही. ती सासूकडे बघत होती.

"आये, सांगू का?"

"गप. मीच सांगते." नवसीनं छताकडे बघत श्वास घेतला. "तिनं नाय खाल्ली. एक पन नाय. तू दिलीस का गालात धरायची, तू मोरीत गेलास का थुकायची. मीच शिकवलं तिला."

"का पन?"

"माज्या अख्ख्या पडत व्हत्या, चिंतू. सकाळी टेकाडामागं बसायला जायची, तवा दिसायच्या. तशाच वाटोळ्या, तशाच पांडऱ्या."

"दिसत व्हत्या? नि तू गिळत रायलीस?" चिंतूचा आवाज फाटला. "दीड वरीस? एका शब्दानं बोलली नायस?"

नवसीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. कळ आली तशी तिनं खाटेची कड घट्ट धरली.

"तू तांब्या धरून समोर उबा रायचास, बाबा. दोगींनी थुकली असती, तर तुज्या हातचं कोनी खाल्लं असतं?"