खटकलं ते सांगा

"टाळ्या नकोत. काय खटकलं तेवढं सांगा," कविता वाचायला उभं राहताना नाकाबुगो मॅडमनी बजावलं. कंपालातल्या त्यांच्या गॅरेजमध्ये दर शनिवारी नवे कवी जमत आणि पहिल्यापासून नियम हाच होता. या नियमाने कित्येकांना रडवलं होतं. त्यातल्याच काहींची पुढे पुस्तकं निघाली. मॅडमचं स्वतःचं दुसरं पुस्तक मात्र या एका कवितेपायी अडून बसलं होतं. शेवटचं कडवं काही केल्या जमेना. दुसऱ्यांच्या ओळी दुरुस्त करता करता त्यांचा स्वतःच्या कानावरचा विश्वासच उडाला होता, म्हणून आज पहिल्यांदाच त्यांनी आपली कविता या लोकांपुढे आणली होती.

ते कडवं लंगडत लंगडत संपलं आणि गॅरेज टाळ्यांनी दणाणलं. लोक चक्क उभे राहिले. गेल्याच शनिवारी जिच्या कवितेच्या मॅडमनी चिंध्या केल्या होत्या, ती आकेलोसुद्धा "वा! वा!" करत होती.

"खाली बसा!" मॅडम कडाडल्या. "शेवटचं कडवं लंगडतंय. एकालाही कळलं नाही?"

आकेलो चाचरत म्हणाली, "कळलं, मॅडम. सगळ्यांनाच कळलं."

"मग तोंडं का शिवली होती?"

"तुम्ही आम्हाला घडवलंत. तुम्हाला कसं सांगायचं?"

मॅडम कागद चुरगळून मटकन खुर्चीत बसल्या. अख्ख्या कंपालात कवितेबद्दल तोंडावर खरं बोलणारं एकच माणूस होतं, आणि कविता नेमकी त्याचीच होती.