रिकाम्या पेटीचं भाडं

"जाताना एक, येताना दोन," खिडकीशी आलेला सुतार म्हणाला आणि तिकीटवाल्या बाईंनी कान टवकारले.

बाईंना बोटीच्या वेळापत्रकापेक्षा माणसांत जास्त रस. पलीकडच्या देशात कोण कशाला चाललंय, हे कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. त्यात या माणसाबरोबर कोऱ्या लाकडाची भलीमोठी पेटी होती.

सुताराने काचेखालून एक कागद सरकवला. भाडं, बंदराचा कर, परतीच्या दोन्ही तिकिटांवर खुल्या तारखेचे, म्हणजे हव्या त्या दिवशी येता यावं म्हणून, जादा पैसे, सगळं पेन्सिलीने मांडलेलं. खाली पैशांची चळत. बाईंनी मोजून पाहिले. अगदी तंतोतंत.

"सामानाचे धरले नाहीत, काका?"

"या मापाची एक पेटी फुकट, असं तुमच्याच पाटीवर लिहिलंय. त्याच मापाची बनवलीय."

बाई टेप घेऊन बाहेर आल्या. पेटी लांबीला दीड इंच जास्त भरली, रुंदीलाही तेवढीच.

"शक्यच नाही," म्हणत सुताराने झाकण उघडलं आणि स्वतःची पट्टी आतून लावली. "बघा. बरोबर आहे की नाही?"

"आतून नाही हो. बाहेरून मोजतात."

सुतार पट्टीकडे बघत राहिला. चाळीस वर्षं गिऱ्हाईक एकच विचारत आलं होतं, आत किती मावेल? फळीची जाडी कुणी धरलीच नव्हती.

"जाताना एकशे सत्तर, येताना एकशे सत्तर. जादा मापाचे," बाई म्हणाल्या. मग त्यांची नजर आत गेली. पेटीत एक चिंधीसुद्धा नव्हती. "अहो, ही तर रिकामी! रिकाम्या पेटीचं कसलं भाडं भरता? इथे ठेवून जा, मी सांभाळते."

"हिच्यासाठीच तर चाललोय. दादा एकटा असतो तिकडे, तिसऱ्या मजल्यावर. आता जिना चढवत नाही त्याला. पण विचारलं की एकच पालुपद, सामानाची सोय झाली की येतो." त्याने आतल्या खणांवरून हात फिरवला. "हा रेडिओचा. हा औषधांचा. हा लांबट, काठीचा. आता बोल म्हणावं."

बाईंनी वाकून तिन्ही खण पाहून घेतले.

सुताराने कानावरची पेन्सिल काढली आणि कागदावरची एक ओळ खोडली. "खुली तारीख नको. दोन्ही तिकिटं येत्या शुक्रवारची द्या. तीनशे साठ वाचले, तीनशे चाळीस पेटीला. वीस उरले, चहा होईल."

"काका, विचार करा. ठरलेल्या तारखेचे पैसे परत मिळत नाहीत. ते नाहीच आले तर बुडाले."

"तारीख खुली आहे म्हणूनच तो बारा वर्षं नुसता 'येतो, येतो' म्हणतोय."

बाईंनी तिकिटं दिली. शुक्रवारी त्यांची सुट्टी होती. ती बदलून घ्यायचं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

"हमाल बोलावू का? एकट्याला कशी उचलेल?"

"जाताना उचलेल की. येताना दोघं असू."

पेटीला दोन्ही टोकांना लोखंडी कड्या होत्या. सुताराने एक घट्ट धरली, पेटी पाठीवर घेतली आणि तो धक्क्याच्या पायऱ्या उतरू लागला. मागची कडी मोकळीच होती. पायरीगणिक ती लाकडावर वाजत गेली.