उतारावरची खोड

घाटाचा उतार लागताच गाडी आपणहून न्यूट्रलमध्ये गेली. पेट्रोल वाचवायची ही खोड कुमुदताईंच्या यजमानांची. ते जाऊन वर्ष झालं, तरी त्यांचं चालवणं शिकलेली ही विनाचालक गाडी अजून तशीच चालायची.

सगळा भार ब्रेकवर येऊन त्याचा जळका वास आला. “आई, आज गॅरेजला दाखवूच,” मागून मृणाल ओरडली. “बाबांचं चालवणं पुसतील, तर पुसू देत!”

रिकाम्या ड्रायव्हर सीटशेजारी कुमुदताई चुळबुळत होत्या. पुसलं, तर वळणावर दोनदा हळूच हॉर्न कोण वाजवणार?

वळण आलं. हॉर्न दोनदा वाजला, पण ब्रेक लागलाच नाही. गाडी कठड्याला घासत कशीबशी थांबली.

“लाव गॅरेजला फोन,” कुमुदताई म्हणाल्या. मग रिकाम्या सीटवर हात ठेवून पुटपुटल्या, “अहो, उतरा आता. लेक आहे गाडीत.”