कालव्यातून आलेलं इंजिन

कालव्याच्या दरवाजापाशी बोट थांबली. तिच्यावर ताडपत्रीखाली त्या खोऱ्यातलं पहिलं आगगाडीचं इंजिन होतं, आणि शेजारी आगगाडीचा रस्ता बांधणारा सायलस. काठावर हायरम उभा होता. सायलसला जमीनमोजणीची साखळी धरायला हा कालवा बांधणाऱ्या हायरमनेच शिकवलं होतं. आता अर्धी अमेरिका सायलसचं नाव घेई, आणि हायरमचा जळफळाट होई.

“सर, इंजिन इथून बैलगाडीनेच नेतो,” सायलस म्हणाला. “पाणी कमी दिसतंय. थकला तुमचा कालवा.”

चिखलातून बैलगाडी हिवाळ्याआधी पोचली नसती. आगगाडी लांबली असती, कालव्याचा धंदा तेवढे दिवस तरी जगला असता. हायरमने नुसती होकाराची मान हलवायची होती. पण ते शेवटचं वाक्य त्याला झोंबलं.

“माझ्या कालव्यात बोट तळाला लागत नाही,” म्हणत त्याने स्वतःच्या हाताने दरवाजा उघडून वर अडवलेलं पाणी सोडलं.

इंजिन डौलात पुढे गेलं. परतताना बोट रिकामी आली. आगगाडी सुरू झाल्यावर ती रिकामीच येत-जात राहिली.