साहेबांची घंटा

चोवीस तासांची ड्यूटी उरकून फायरमन नाईकवडी तडक महापालिकेतल्या बैठकीला आला. पाळी आठ तासांची करावी का, यावर खल चालला होता. “साहेब, माणसं पार पेंगतात हो,” एवढं सांगून तो खुर्चीत टेकला आणि त्याचाच डोळा लागला.

तासाभराने उपायुक्तांनी चहासाठी टेबलावरची घंटा वाजवली. आगीची वर्दी समजून नाईकवडी झोपेतच ताडकन उठला, धडधडत जिना उतरला आणि पोर्चमधल्या साहेबांच्या गाडीत चढून बसला.

ओशाळून परत आला, तेव्हा साहेब खुशीत होते. “वा, काय चपळाई! यांना कसला आलाय थकवा? चोवीस तासच राहू द्या.”

फाइल मिटून त्यांनी लांबलचक आळस दिला. “चहा आणा हो कुणीतरी. तासभर बसून अंग नुसतं आंबून गेलंय.”