ईदची सुट्टी

ईदच्या सुट्टीत मित्रांनी ऑगस्टीनला ओढूनच समुद्रावरच्या रिसॉर्टवर आणलं. छत्रीची सावली, थंडगार बिअर, समोर निळंशार पाणी. कशाची म्हणून उणीव नव्हती. त्याला हसवायला प्रबुद्ध घसा फोडून एकामागून एक किस्से सांगत होता. ऑगस्टीन मान डोलवायचा आणि पुन्हा तेच विचारायचा, "वसईला किती वाजले असतील रे?"

ज्याच्या तिजोरीत त्याचा पासपोर्ट होता, तो कफील, म्हणजे त्याचा आखातातला अरब मालक, खुशाल लंडनला ईद साजरी करत होता.

"सोमवारी येईल तो. मग लगेच पासपोर्ट मिळेल, इंशाल्ला," प्रबुद्ध म्हणाला.

"सोमवारी जाऊन काय करू?"

प्रबुद्धने घड्याळाकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "तिकडे चार वाजले."

ऑगस्टीन उठून पाण्याच्या कडेला गेला. त्याने मूठभर ओली वाळू उचलली, क्रूसाची खूण केली आणि मूठ पाण्यात सोडली. वसईला चर्चच्या मागे त्याची भावंडं त्याच वेळी आईच्या पेटीवर माती टाकत होती.

त्याची मूठमाती मात्र लाटेने परत त्याच्याच पायाशी आणून टाकली.